पांपोरचे केशर आणि आपल्या घरातील डबी

गेल्या वर्षी आमच्या घरी एका मंगल प्रसंगी बासुंदीचा बेत ठरला होता. बाजारास गेलेल्या आमच्या बंधूंनी इतर जिनसांबरोबर केशराची एक चिमुकली डबी आणली. किंमत ऐकून घरातील मंडळी क्षणभर गप्पच झाली; परंतु प्रसंग मोठा, तेव्हा कोणी काही बोलले नाही. कोमट दुधात चार काड्या सोडल्या मात्र, दूध पाहता पाहता लालभडक झाले आणि काड्या पांढुरक्या पडून तळाशी बसल्या. आमच्या मातोश्रींनी डबीतील एक काडी उचलून जिभेवर ठेवली आणि शांतपणे सांगितले की, ही गोड लागते. केशर कडू असते. दुकानदाराचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. फसलो ते आमच्या अज्ञानामुळे. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस आम्हांस श्रीनगरास जाण्याचा योग आला, तेव्हा पांपोर पाहिल्यावाचून परतावयाचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले.

श्रीनगरहून जम्मूकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले, की सुमारे पंधरा किलोमीटरांच्या आतच पांपोर लागते. येथील उंचवट्याच्या सपाट जमिनींस कारेवा म्हणतात. पुरातन काळी काश्मीरचे खोरे जलाशयाने व्यापलेले होते. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाची ही माती आहे. तिच्यात पाणी तुंबून राहत नाही, आणि केशराच्या कंदास नेमके तेच मानवते. शेतात लहान लहान चौकोनी वाफे आणि त्यांच्या भोवती पाणी निघून जाण्यासाठी चर. फुलांचा हंगाम नसताना पाहणाऱ्यास हे नांगरून टाकलेले ओसाड रान वाटावे.

आपल्या भाषेचा आणि या रानाचा संबंध मात्र फार जुना आहे. अमरकोशात कुंकुमास ‘काश्मीरजन्म’ असे एक नाव दिले आहे, आणि ते कुंकुम म्हणजे केशरच होय. आज आपण हळदीपासून केलेल्या लाल पुडीस कुंकू म्हणतो. वस्तू बदलली, नाव तेवढे राहिले. पवित्र शास्त्रातील गीतरत्नातही जटामांसी व दालचिनी यांच्या पंक्तीस केशराचा उल्लेख आहे, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. काश्मिरी माणूस त्यास ‘कोंग’ म्हणतो.

केशरास बी धरत नाही. ही वनस्पती स्वभावतःच वांझ आहे. ती वाढते ती केवळ कंदापासून. लसणीच्या गड्ड्याएवढे हे कंद जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीत पुरतात. प्रत्येक कंद पुढील वर्षी आपल्या अंगाशी नवे कंद निर्माण करून स्वतः नाहीसा होतो. एकदा लावलेले शेत अशा रीतीने कित्येक वर्षे उत्पन्न देत राहते. उन्हाळ्यात कंद निजलेला असतो. सप्टेंबरात पावसाची एक-दोन चांगली सर यावी लागते. ती न आल्यास फुले थोडी येतात, आणि हाच या शेतीचा सर्वांत मोठा घोर आहे.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जमिनीतून एकाएकी जांभळी फुले डोके वर काढतात. हा सोहळा जेमतेम तीन आठवड्यांचा. उन्हाने फूल पुरते उमलण्यापूर्वी, पहाटेच्या गारठ्यात, वाकून वाकून ते खुडावे लागते. आम्ही गेलो त्या दिवशी एका शेतात म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि शाळकरी नातवंडे अशी सारी मंडळी वेताच्या टोपल्या घेऊन राबत होती. दुपारी घरी फुलांची रास मधोमध ओतून सगळे तिच्याभोवती बसले. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू असतात व तीन पिवळे पुंकेसर. लाल तेवढे घ्यावयाचे. आम्हीही बसून पाहिले. अर्ध्या तासात आमच्या बोटांची नखे पिवळी झाली, आणि राशीत फरक दिसेना.

हिशेब असा : एक ग्रॅम सुक्या केशरास सुमारे दीडशे फुले लागतात, म्हणजे साडेचारशे तंतू. एका किलोस दीड लाख फुले. ताजा तंतू वाळताना आपल्या वजनाचे पाच भागांपैकी चार भाग गमावतो. किंमत ऐकून आमच्या घरी जी शांतता पसरली होती, तिचे उत्तर आम्हांस त्या राशीपाशी मिळाले.

केवळ लाल टोके निवडून वाळविली, तर त्यास मोंगरा म्हणतात; खालचा पिवळसर देठ राहू दिला, तर तो लच्छा. दोन्ही खरेच, परंतु देठास ना रंग ना वास, म्हणून लच्छा स्वस्त.

एवढे असूनही शेतकरी सुखी आहे, असे म्हणवत नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात काश्मिरात साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक जमीन केशराखाली होती. पुढे ती चार हजारांच्या आत आली. पावसाची अनियमितता, शेतांवर उठणारी घरे, सिमेंटच्या कारखान्यांची धूळ आणि रात्री येऊन कंद उकरून खाणारी साळिंदरे, अशी कारणे त्या शेतकऱ्याने आम्हांस सांगितली. २०१० साली सरकारने सुमारे ४०० कोटी रुपयांची केशर योजना हाती घेतली. तुषार सिंचनासाठी कूपनलिका खोदल्या, परंतु पुष्कळ ठिकाणी पाणी शेतापर्यंत पोचलेच नाही, अशी तेथील तक्रार आहे. इराणातून येणारे स्वस्त केशर काश्मिरी म्हणून खपविले जाते, ते निराळेच. २०२० साली काश्मिरी केशरास भौगोलिक मानांकन मिळाले. पांपोरजवळ दुस्सू येथे केशराची तपासणी, प्रतवारी व लिलाव यांसाठी केंद्र आहे. त्यामुळे दलालाच्या हाती मान देण्यावाचून गत्यंतर नाही, अशी पूर्वीची स्थिती थोडीफार पालटली आहे.

आता आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचा विचार. पूड कधीही घेऊ नये, तंतूच घ्यावे. हमरस्त्यावरील प्रत्येक दुकान शेतकऱ्याचे असते, असे समजू नये. कोणत्या वर्षीचा तोडा आहे आणि तपासणीचा दाखला आहे काय, हे विचारावे. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. खरा तंतू एका टोकास कर्ण्यासारखा पसरट असतो. थंड पाण्यात तो हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडतो व स्वतः लालच राहतो. आमच्या डबीत जे होते ते बहुधा करडईच्या पाकळ्या असाव्यात. मक्याच्या कणसाचे रंगविलेले केसही असेच विकले जातात. ज्या करडईचे तेल आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, तिचेच बी ‘अमेरिकन केशर’ या भारदस्त नावाने आपल्याकडील भोळ्या शेतकऱ्यांच्या गळ्यात मारल्याचीही उदाहरणे आहेत. अलीकडे पुण्यात बंद खोलीत थंड हवा राखून खरे केशर फुलविण्याचे प्रयोग झाले, ते निराळे. त्यांचे कंद काश्मिरातूनच आणलेले असतात.

घरात केशर वापरताना हात आखडताच ठेवावा. दहा-बारा तंतू पळीत किंचित शेकून, साखरेबरोबर खलून, कोमट दुधात वीस मिनिटे भिजत ठेवावे. चार-पाच माणसांच्या श्रीखंडास किंवा केशरी भातास तेवढे पुरे. डबी काचेची, घट्ट झाकणाची, आणि जागा अंधारी असावी. गरोदर स्त्रीने केशर खाल्ल्यास मूल गोरे होते, हा निव्वळ भ्रम आहे. उलट अधिक मात्रा तिला अपायकारक ठरू शकते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्या शेतकऱ्याकडे आम्ही पाच ग्रॅम मोंगऱ्याची मागणी नोंदवून आलो. भाव त्याने सांगितला तोच दिला; आजीच्या पाठीकडे पाहून घासाघीस करण्याचा धीर झाला नाही. डिसेंबरात, नाताळच्या आधी, टपालाने पुडके आले. आत तोड्याची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी होती. मातोश्रींनी एक तंतू जिभेवर ठेवला, तोंड वाकडे केले, आणि काही न बोलता डबी आपल्या कपाटात ठेवून दिली.