रेशीमघरातली हवा : दमट किती, कोरडी किती?



उसाच्या जोडीला आपल्या जिल्ह्यात कित्येकांनी एकरभर तुती लावली आहे. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीतच कोषांची खरेदी होऊ लागली. बाजार दारात आला खरा; पण पाला भरपूर असून पावसाळ्यात अख्खी बॅच हातची जाते. पुष्कळदा दोष शेडमधल्या हवेचा असतो.

रेशीम अळीला स्वतःच्या अंगची ऊब राखता येत नाही. भोवतालची हवा जशी, तसे तिचे अंग. लहानपणी, म्हणजे चॉकीत, तिला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. कारण कोरड्या हवेत कोवळा पाला चटकन सुकतो अन् सुकलेला पाला तिला खाता येत नाही. पाचव्या अवस्थेत मात्र ६५ ते ७० टक्के पुरे. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला ती याच दिवसांत फस्त करते. पाल्यात तीन चतुर्थांश पाणीच. ते शेवटी शेडमध्येच येते. खिडक्या बंद असल्या की ओल कोंडते आणि मस्कार्डिनची बुरशी धरते. अळी मरून खडूसारखी पांढरी, कडक होते.

ओल मोजायची कशी? दोन तापमापक शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे. हवा जितकी कोरडी, तितका ओला पारा खाली उतरतो. कोरडा २५ अंश अन् ओला २१ दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ७० टक्के. फरक दोनच अंश उरला, तर ओल फार झाली असे समजावे.

उन्हाळ्यात छतावर उसाचे पाचट पसरावे, दारे-खिडक्यांना ओली पोती लावावीत. पावसाळ्यात समोरासमोरच्या खिडक्या जाळी लावून उघड्या ठेवाव्यात, भिजलेला पाला देऊ नये. अळ्या कात टाकायला बसल्या की चुन्याची कोरडी भुकटी पातळ भुरभुरावी.

चंद्रिकेवर सोडल्यावर पुष्कळजण निर्धास्त होतात. तिथेच घात होतो. कोष विणण्याआधी अळी मूत्र टाकते. ती ओल बाहेर गेली नाही तर कोष डागाळतो, धागा काढताना तुटतो, अन् बाजारात भाव पडतो. म्हणून त्या दिवसांत हवा खेळती हवीच.

बॅचच्या नुकसानीपुढे दोन तापमापकांचा खर्च काहीच नाही. तरी रेशीम करणाऱ्या सभासदांनी पुढील बॅचपूर्वी ते टांगून घ्यावेत, ही विनंती.