इंजिनरूम सिम्युलेटर म्हणजे काय? जहाजावर न जाता मरीन इंजिनीअर बिघाड शोधायला कसे शिकतात?

२३ मार्च २०१९. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हुस्टादविका हा खडकाळ सागरी पट्टा. भर वादळात 'व्हायकिंग स्काय' या प्रवासी जहाजाची वीज गेली. जहाजावर १,३७३ माणसे होती. इंजिने बंद पडल्याने जहाज किनाऱ्यावरील खडकांकडे वाहत जाऊ लागले. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले. इंजिने पुन्हा सुरू झाली म्हणून जहाज वाचले.

चौकशीत कारण साधे निघाले. इंजिनांखालच्या टाक्यांमध्ये वंगण तेलाची पातळी कमी होती. जहाज हेलकावे खाऊ लागले की तेल एका बाजूला सरकायचे, पंप तेलाऐवजी हवा ओढायचा आणि दाब घसरायचा. कोरडे चालून इंजिनाची मोडतोड होऊ नये म्हणून सुरक्षा यंत्रणा ते आपोआप बंद करायची.

असा प्रसंग खऱ्या जहाजावर मुद्दाम घडवून शिकवता येत नाही. त्यासाठीच इंजिनरूम सिम्युलेटर वापरतात.

सिम्युलेटरमध्ये काय असते?

वरवर पाहता हा संगणकाच्या पडद्यावरचा नकाशा असतो. त्यात पंप, व्हॉल्व्ह, टाक्या, कूलर, जनरेटर आणि त्यांना जोडणारे पाइप दिसतात. मोठ्या केंद्रांत जहाजासारखी कंट्रोल रूम आणि खरे स्विचबोर्डही असतात. मात्र या व्यवस्थेचा खरा गाभा गणितात आहे. प्रत्येक यंत्राचा दाब, प्रवाह आणि तापमान समीकरणांनी मांडलेले असते आणि संगणक ते सतत नव्याने मोजत राहतो. विद्यार्थ्याने एक व्हॉल्व्ह बंद केला की त्याचा परिणाम पुढच्या यंत्रांपर्यंत पोहोचतो. काही परिणाम लगेच दिसतात, काही दहा-पंधरा मिनिटांनी. पुस्तकातल्या आकृतीत हा काळ दिसत नाही.

बिघाड शोधायला कसे शिकवतात?

प्रशिक्षक वेगळ्या संगणकावर बसतो आणि विद्यार्थ्यांना न सांगता बिघाड घालतो. समजा, त्याने समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या गाळणीत कचरा अडकवला. थोड्या वेळाने इंजिन थंड ठेवणारे गोडे पाणी तापू लागते, त्यामागोमाग वंगण तेल तापते आणि अलार्म वाजतो.

नवखा विद्यार्थी तापमानाकडेच पाहत बसतो. अनुभवी माणूस आधी समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा दाब पाहतो. दाब घसरला असेल तर पाणी आतच येत नाही, म्हणजे गाळणीवर किंवा पंपावर संशय घ्यायचा. दाब नेहमीइतका किंवा थोडा वाढलेला असेल, तर पंप ठीक आहे आणि कूलर आतून तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. दोन्ही वेळी अलार्म एकच वाजतो, पण उपाय वेगळा असतो.

चुकीचा निर्णय झाला तर प्रशिक्षक तो प्रसंग थांबवून पुन्हा दाखवू शकतो. कोणता काटा आधी हलला होता आणि तो कोणाच्या नजरेतून सुटला, यावर चर्चा होते. बरेच शिक्षण याच चर्चेत होते.

सराव कशाचा जास्त?

वीज जाण्याचा, म्हणजे ब्लॅकआउटचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजावरील आपत्कालीन जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत वीज द्यायला हवी. पण ही वीज दिवे आणि सुकाणूसारख्या अत्यावश्यक गोष्टींपुरती असते. मुख्य जनरेटर, पंप आणि इंजिन योग्य क्रमाने सुरू करणे माणसांच्या हाती असते. क्रम चुकला की नुकताच सुरू झालेला जनरेटर भार न पेलून पुन्हा बंद पडू शकतो.

नियम काय सांगतात?

खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, 'एसटीसीडब्ल्यू', १९७८ मधला आहे. मनिला येथे २०१० मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि १ जानेवारी २०१२ पासून त्या लागू झाल्या. इंजिनरूममधील कामाची वाटणी, स्पष्ट संवाद आणि नेतृत्व यांचे प्रशिक्षण त्यामुळे आवश्यक ठरले. हे कौशल्य दाखवण्याचा एक मान्य मार्ग म्हणजे सिम्युलेटर. भारतात अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या नौवहन महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईतच आहे.

मग खऱ्या जहाजाची गरज उरते का?

उरते. पडद्यावर व्हॉल्व्ह एका क्लिकमध्ये उघडतो, जहाजावर तो गंजून अडकलेला असू शकतो. इंजिनरूममधला उकाडा, कानठळ्या बसवणारा आवाज, गळक्या तेलाचा वास आणि बेअरिंगच्या आवाजातला बारीक फरक संगणकावर पुरता कळत नाही. पिस्टन उघडून पुन्हा बसवणे हातानेच शिकावे लागते. दुसरा धोका सवयीचा असतो. चूक झाली तरी प्रसंग पुन्हा सुरू करता येतो, हे मनात बसले तर सरावातले गांभीर्य जाते.

म्हणून सिम्युलेटर हा वर्कशॉप आणि समुद्रावरचा अनुभव यांना जोडणारा दुवा मानला जातो. तेलाचा दाब का घसरतो, हे ज्याने एकदा घडताना पाहिले आहे, तो बंदर सोडण्यापूर्वी टाकीतली पातळी तपासायला विसरण्याची शक्यता कमी असते.