सिंथेसायझरमधील फिल्टर आणि नादाची जात : एका रागाधारित ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय संगीतशास्त्रात नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात अशी तीन लक्षणे सांगितली जातात. षड्ज एकच असूनही तो सनईचा की सतारीचा हे जिच्यामुळे ओळखू येते ती नादाची जात होय. सिंथेसायझरमध्ये ही जात घडविण्याचे कार्य प्रामुख्याने फिल्टर करतो. हे कार्य रागाच्या नियमांशी कितपत सुसंगत ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फिल्टरचे कार्य :
वाद्याच्या स्वरात मूळ वारंवारतेच्या पटीतील उपस्वर मिसळलेले असतात. सिंथेसायझरने ११० हर्ट्झचा करवतदाती तरंग निर्माण केल्यास त्यात २२०, ३३०, ४४० हर्ट्झ असे सर्व उपस्वर असतात. त्यांचा आयाम निम्मा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असा घटत जातो. ‘लो-पास’ फिल्टर कट-ऑफ या मर्यादेखालील उपस्वर जाऊ देतो व वरचे क्षीण करतो. रॉबर्ट मूग यांना १९६९ साली ज्या फिल्टरचे पेटंट मिळाले, त्यात कट-ऑफच्या वर ही घट प्रत्येक सप्तकामागे सुमारे २४ डेसिबल असते. कट-ऑफ खाली आणल्यास ध्वनी मऊ होतो, वर नेल्यास प्रखर होतो. मूळ स्वराची उच्चनीचता मात्र बदलत नाही. ‘रेझोनन्स’ हे दुसरे नियंत्रण कट-ऑफलगतच्या उपस्वरास उठाव देते. मुखपोकळीचा आकार बदलून ‘आ’चा ‘ई’ होतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

रागसंगीतातील उपयोजन :
मुंबईतील चित्रपट-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीत रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही वाद्ये वापरली. त्यांपैकी टीबी-३०३ वर कट-ऑफ व रेझोनन्स यांच्या स्वतंत्र कळा होत्या. त्या काळी दुर्लक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० साली पुनःप्रकाशित झाली. शिकागोत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजलेल्या ‘ॲसिड हाउस’ संगीताशी तिचे साम्य तेव्हा जाणकारांच्या ध्यानी आले.

येथे एक शास्त्रीय प्रश्न उद्भवतो. षड्जाचा तिसरा उपस्वर पंचम आणि पाचवा शुद्ध गंधार असतो. या ध्वनिमुद्रिकेतील मालकंस रागात पंचम वर्ज्य व गंधार कोमल आहे. म्हणूनच या रागासाठी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. षड्जावर रेझोनन्स वाढवून कट-ऑफ सरकविल्यास हाच वर्ज्य पंचम ठळक होऊ शकतो.

निष्कर्ष :
फिल्टर सामान्यतः केवळ नादाची जात बदलतो. परंतु रेझोनन्स तीव्र झाल्यास उपस्वरच स्वराप्रमाणे ऐकू येऊ लागतो. अशा वेळी कळ किती फिरवावी हा प्रश्न रागशास्त्राचाही होतो. त्यामुळे भौतिकशास्त्र व संगीत या विभागांनी हा विषय एकत्रितपणे अध्यापनात आणणे उपयुक्त ठरेल.