शैक्षणिक कर्ज आणि ऋणमुक्तीचा मार्ग

ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचते, त्या घराला शैक्षणिक कर्जाचा मोठा आधार असतो. परंतु नोकरी लांबली की तोच आधार ओझे होतो. हप्ते थकले की अनेक तरुण बँकेची नोटीस दडवून ठेवतात. या मौनाची झळ सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांना बसते.

दिवाळखोरी जाहीर केली की हे कर्ज बुडते, असा समज आढळतो. नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 79 ने मात्र न्यायालयीन दंड आणि पोटगी यांच्याबरोबर विद्यार्थी-कर्जही ऋणमुक्तीतून वगळले आहे. त्यामुळे त्या वाटेने सुटका नाही.

उरतो तो वाटाघाटीचा मार्ग. बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमानंतर एक वर्ष हप्त्यांना सवड आणि परतफेडीस 15 वर्षांपर्यंत मुदत असते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. तत्पूर्वीच शाखेत लेखी अर्ज देऊन मुदतवाढ व लहान हप्ता मागावा आणि अर्जाची पोच जपावी. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढते, याचे भान असावे. लेखी तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाची लाज कसली? आपल्या माजी विद्यार्थ्यांनी बँकेची नोटीस आली त्याच दिवशी ती आईवडिलांना वाचून दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी शाखेची पायरी चढावी.