गजर सुरू, दिवा बंद

इंग्रजीत बॉम्ब ‘गोज ऑफ’ म्हणजे फुटतो. गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागतो. दिवे ‘गो ऑफ’ म्हणजे विझतात, आणि ब्रिटनमध्ये दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतं. त्याच दोन शब्दांनी गजर सुरू होतो आणि दिवा बंद! ‘गो’ म्हणजे जाणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर, हे शाळेत घोकलेलं इथे कसं लावायचं?

लागतं, पण जरा वळसा घेऊन. ‘ऑफ’मध्ये आहे त्या स्थितीतून सुटणं आहे. गजर आणि बॉम्ब जणू अडवून ठेवलेले असतात. अडसर निघाला की उसळतात. दिव्याचा विजेशी संबंध तुटतो. दूध चांगलेपणापासून ढळतं. परिणाम चार, पण आतली हालचाल एकच. मला हे विलक्षण वाटतं.

परकीयांना सर्वात जड जातात त्या क्रियापद आणि ‘ऑफ’सारख्या शब्दाच्या याच जोड्या, असं सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे. जुन्या इंग्रजीत हे काम बरंचसं क्रियापदाआधी लागणारे उपसर्ग करत, आपल्याकडे नुसता उपसर्ग बदलून आहार, विहार, संहार होतात तसं. पुढे ते उपसर्ग झिजले आणि क्रियापदामागून येणाऱ्या ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांनी त्यांची जागा घेतली. ‘ईट’ म्हणजे खा. ‘ईट अप’ म्हणजे ताटात काही ठेवू नकोस.

आणि खरी गंमत ही की हा खेळ आपण मराठीत रोज खेळतो. तो मनातलं बोलून टाकतो, नाराजी बोलून दाखवतो, भलतंच बोलून जातो आणि नको ते बोलून बसतो. टाकण्यात मोकळं होणं आहे, जाण्यात नकळत निसटणं, बसण्यात पश्चात्ताप. प्रत्यक्षात कोणी काही टाकत नाही की कुठे बसत नाही. इंग्रजी जे ‘अप’, ‘ऑफ’कडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते.

दोन्हीकडे न शिकवलेले नियमही आहेत. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं, पण ‘लाइट’ऐवजी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. हे इंग्रज मुलाला कोणी सांगत नाही, तरी ते चुकत नाही. आता ‘तो नको ते बोलून बसला’ याचं नकारार्थी करून बघा. ‘बोलून बसला नाही’ असं आपण म्हणत नाही; ‘बोलला नाही’ म्हणतो, आणि ते बसणं आपोआप गळून पडतं.