शुभ बोलावे, पण विचारावेही

सूर्यास्तापूर्वीचे जेवण चालू असताना आमच्या धाकट्या सुनेने विचारले, "काका, कारखान्याचे मागचे दार आतून उघडते का?" हातातला घास तसाच धरून थोरले बंधू म्हणाले, "जेवताना हे कसले अभद्र विचार? शुभ बोलावे गं." विषय तेथेच संपला. व्यापारी घरांत वाढलेल्या वाचकांना असा प्रसंग अपरिचित नसावा. नुकसान, आग, दिवाळे हे शब्द उच्चारले की ती संकटे उंबरा ओलांडतात, अशी आपली समजूत आहे. आणि जो ते उच्चारतो, त्याला आपण निराशावादी ठरवून मोकळे होतो.

सुनेच्या प्रश्नाला कारण होते. 18 मे 2025 रोजी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. मालक, त्यांचे कुटुंबीय, कामगार, त्यांत एक तान्हे मूलही होते. त्या दुर्घटनेविषयी मत देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु सूत, तंतूंचा उडता कचरा आणि तयार मालाचे गठ्ठे यांच्यात दिवस काढणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी आपापली शेड आठवली असेल.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन पाहिले. मागच्या दारापुढे सुताच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि कडी गंजून बसली होती. इतक्या वर्षांत ते दार उघडण्याची वेळ कधी आली नव्हती. आणि 'आली नव्हती' याचाच अर्थ आम्ही 'येणार नाही' असा लावला होता. यालाच आम्ही आशावाद म्हणत होतो.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे स्वरूप सांगताना उमास्वामींनी प्रमत्तयोगावर, म्हणजे बेसावध वृत्तीवर बोट ठेवले आहे. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवेलागणीपूर्वी जेवणाऱ्या घराने रात्रपाळीच्या कामगाराची वाट गोण्यांनी अडवावी, यातील विसंगती मला त्या कडीपाशी उभे असताना जाणवली.

मात्र सतत वाईटच चिंतीत बसणे हाही उपाय नव्हे. त्याच ग्रंथात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात. नको ते वाट्याला आल्याचा, हवे ते दुरावल्याचा आणि वेदनेचा ध्यास हे तीन. चौथे निदान, म्हणजे भावी सुखाची लालसा. कुढणारा आणि मनोराज्ये रचणारा दोघे एकाच पंक्तीला बसवले आहेत, ही गोष्ट आपल्या आशा-निराशेच्या वादात फारशी कोणी लक्षात घेत नाही.

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा या दोन्ही वृत्ती पाहावयास मिळाल्या. कोणी "धंदा बुडाला" म्हणून यंत्रमागांकडे फिरकेना. कोणी "महिन्याभरात सारे सुरळीत होईल" म्हणत उधारीवर सूत उचलले. वही उघडून, सुताचे देणे आणि मजुरी मांडून, किती महिने तग धरता येईल हे पाहणारे थोडे.

आशा म्हणावी ती शेठ वालचंद हिराचंद यांची. 1882 साली याच सोलापुरात, जैन घरात जन्मलेल्या या पुरुषाच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून कोंडी केली. 1923 च्या करारात तर कंपनीला किनारी वाहतुकीपुरते राहणे पत्करावे लागले. कडू घोट होता. पण तो घेतला आणि कंपनी टिकवली. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी 1941 मध्ये झाली व 1948 मध्ये तेथून 'जलउषा' पाण्यात उतरली. मधल्या वर्षांतला तोटा त्यांना दिसत नव्हता, असे कोण म्हणेल?

आमच्या गोण्या आता दुसऱ्या भिंतीशी लागल्या आहेत. कडी नवी बसवली. संध्याकाळी निघताना थोरले बंधू ते दार स्वतः ढकलून पाहतात. सुनेला मात्र त्यांनी अद्याप त्याविषयी एक शब्दही सांगितलेला नाही.