धुराची किंमत कुणी मोजायची?

कारखान्याने वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी माथी बसतो. हे भोपाळला कुणी शिकवायला नको. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि सुरक्षेत केलेल्या काटकसरीची किंमत जयप्रकाशनगरसारख्या वस्त्यांनी जिवानिशी मोजली. कार्बन डायऑक्साइड असा एका रात्रीत मारत नाही. तो हवेत साठत जातो आणि त्याचा भुर्दंड दूरच्या शेतकऱ्याला, पुढच्या पिढीला बसतो. पण हिशेबातली चूक तीच आहे. ती दुरुस्त करण्याचे दोन मार्ग जगाने आजमावले आहेत: कार्बन कर आणि ‘कॅप अँड ट्रेड’.

करात सरकार दर ठरवते. धूर किती घटेल, हे उद्योगांवर सोडलेले असते. स्वीडनने १९९१ पासून हा मार्ग धरला. कॅप अँड ट्रेडमध्ये सरकार एकूण धुराची मर्यादा ठरवते आणि तेवढेच परवाने देते. ज्याचा धूर कमी, तो उरलेले परवाने विकतो. इथे मर्यादा पक्की, भाव बाजाराच्या हाती. युरोपने २००५ मध्ये हा बाजार सुरू केला, पण सुरुवातीला परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला.

भारताने दोन्हींची चव घेतली आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. एक युनिट वीज काढायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे सुमारे पाव रुपया. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यातले ३० हजार कोटींहून कमी स्वच्छ ऊर्जा निधीत गेले आणि प्रकल्पांसाठी मिळाले जेमतेम १६ हजार कोटी. २०१७ पासून हा पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला.

सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनाला १,५०० रुपये भावाच्या कोळशावर पूर्वी जीएसटीचे ७५ आणि उपकराचे ४०० असे ४७५ रुपये लागत, आता २७० लागतात. साधारण ३,१०० रुपयांहून महाग कोळशावरचा बोजा मात्र वाढला. कर आता वजनावर नाही, भावावर आहे. त्यामुळे सवलत मिळाली ती स्वस्त, हलक्या प्रतीच्या, राखाळ कोळशाला.

बाजाराचा धडा सुरतने दिला. २०१९ पासून तिथल्या कारखान्यांच्या धुरातल्या धूलिकणांसाठी परवान्यांचा बाजार सुरू झाला. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसली आणि बाजारात आलेल्या कारखान्यांचे प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटले. मोजमाप चोख असेल तर बाजार चालतो, हे त्यातून सिद्ध झाले.

कार्बनच्या बाजाराची योजना केंद्राने जून २०२३ मध्ये अधिसूचित केली. मध्य प्रदेशातल्या सतना-मैहरची ओळख असलेला सिमेंट उद्योग तिच्यात आहे. सिंगरौलीचे ४,७६० मेगावॉटचे विंध्याचल वीज केंद्र मात्र बाहेर आहे, कारण औष्णिक वीज क्षेत्रच वगळले आहे. शिवाय मर्यादा एकूण धुरावर नसून मालाच्या प्रत्येक टनामागे आहे. उत्पादन वाढले तर एकूण धूरही वाढू शकतो.

माझ्या मते इथे दोन्ही मार्ग लागतील. विजेसाठी कर बरा: केंद्रे मोजकी आहेत, कोळसा काट्यावर तोलला जातो आणि ठरलेला दर वीज नियामकाला आधीच हिशेबात धरता येतो. सिमेंट, कागद, अ‍ॅल्युमिनियम यांच्यासाठी बाजार बरा, कारण धूर घटवण्याचा खर्च प्रत्येक कारखान्यात वेगळा असतो. पण कर भावावर नव्हे, कार्बनवर हवा. औष्णिक वीज मोकळी सुटता कामा नये. आणि जमलेल्या पैशाचा ठरलेला वाटा सिंगरौलीसारख्या कोळसा जिल्ह्यांना कायद्यानेच मिळायला हवा: तिथल्या दवाखान्यांसाठी, पाण्यासाठी, खाणींनंतरच्या रोजगारासाठी. धुराची किंमत आजवर ज्यांनी मोजली, त्या पैशावर पहिला हक्क त्यांचा आहे.